हलक्या धुराचं ब्लेंड घरी जुळवताना : कोल्हापुरातल्या नोंदी

बारा वर्षं मुरलेल्या ब्लेंडेड स्कॉचमध्ये तो हलका धूर नेमका कुठं बसतो, हे कितीही वाचलं तरी नाकाला कळत नाही. म्हणून धूर नसलेलं एक 12 वर्षांचं ब्लेंड घ्यायचं, त्यात धुरकट माल्ट (मोड काढून धुरावर वाळवलेल्या बार्लीची व्हिस्की) मोजून मिसळत जायचं आणि जॉनी वॉकर ब्लॅक लेबलच्या किती जवळ जाता येतं ते बघायचं, असं ठरवलं. कुणाला हेच करायचं असेल तर पैसे आणि वेळ वाचावा म्हणून नोंदी ठेवतोय.

30 नोव्हेंबर

आधी कायदा. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो. 1949 चा दारूबंदी अधिनियम आजही लागू आहे. घरात गाळणं गुन्हा, मिसळलेलं विकणंही गुन्हा. मी फक्त विकत आणलेल्या सीलबंद बाटल्यांतलं घरच्यापुरतं मिसळतोय. गोवा इथून जवळ, त्यामुळं तिकडून बाटल्या आणाव्यात असं कुणीतरी सुचवतंच. परवान्याशिवाय आणलेला माल जप्त होतो, गुन्हाही दाखल होतो. नोव्हेंबर 2021 मध्ये राज्यानं आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणलं, तेव्हापासून इथल्या दुकानात पावती घेऊन खरेदी करणं पूर्वीइतकं जड जात नाही.

बाटल्या: ब्लॅक लेबल हे गाठायचं ठिकाण. शिवास रीगल 12 हा पाया, कारण तेही 12 वर्षांचं ब्लेंड आहे, मधाळ आहे आणि धूर जवळपास नाहीच. भारतात दोन्ही 42.8 टक्क्यांवर मिळतात, त्यामुळं तीव्रतेचा फरक मध्ये येत नाही. दोन्ही मिळून साधारण नऊ हजार गेले. धुरासाठी लाफ्रॉइग 10, दुबईहून सुट्टीवर आलेल्या मित्रानं विमानतळावरच्या 2 लिटरच्या सवलतीत आणलेली.

बाकी सामान किरकोळ: 10 मिलीचं काचेचं मोजपात्र, औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या 1 मिलीच्या सिरिंज, नमुन्यांसाठी होमिओपॅथीवाल्यांकडं मिळतात त्या रिकाम्या काचेच्या बाटल्या आणि तोंडाशी निमुळते होणारे सहा ग्लास. ग्लासांवर पैसे वाचवू नका. रुंद तोंडाच्या ग्लासातून हलका धूर सगळ्यात आधी निघून जातो.

माझी मिरची कांडपाची गिरणी आहे. दिवसभर चटणीच्या वासात असल्यानं संध्याकाळी नाक कामाचं राहत नाही. म्हणून चाचणी रविवारी सकाळी, गिरणी बंद असताना, नाश्त्याआधी. साबण बिनवासाचा.

7 डिसेंबर

आज मिसळणं काहीच नाही. फक्त ब्लॅक लेबल समजून घेतलं. दोन पद्धतींनी: एकदा जसंच्या तसं, एकदा पाणी घालून 20 टक्क्यांवर आणून. ब्लेंडर लोक नमुने साधारण त्याच तीव्रतेवर हुंगतात, कारण त्याच्या वर अल्कोहोल नाकाला झोंबतं आणि बारकावे दबतात. हिशोब सोपा: 42.8 टक्क्यांच्या 20 मिलीत 23 मिली पाणी.

पहिला वास धुराचा येत नाही. ज्यांना हे ब्लेंड ‘धुरकट’ म्हणून ठाऊक आहे त्यांनी इथं जरा थांबावं. आधी मनुका, संत्र्याची साल, व्हॅनिला. त्याखाली भाजलेलं सुकं खोबरं आणि लवंग. हे दोन तर माझ्या धंद्यातलेच वास, त्यामुळं ओळखायला वेळ लागला नाही. ओकच्या लाकडातल्या लॅक्टोनचा वास खोबऱ्याचा असतो, आणि लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल ओकमध्येही असतं. बारा वर्षं लाकडात राहिल्याची खूण ती हीच. रंगावर जाऊ नका. स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे, त्यामुळं गडद रंग म्हणजे जास्त वय असं काही नसतं.

घोट घेतल्यावर आधी गोडवा जिभेवर पसरतो, मग माल्टचा भरडा, मग थोडा मिऱ्याचा चटका. धूर येतो गिळल्यानंतर, श्वास नाकातून बाहेर सोडताना. तो घशाच्या मागच्या बाजूला राहतो आणि गोडवा संपल्यावरही थोडा वेळ टिकतो. म्हणजे धुराचं प्रमाण कमी आहे एवढ्यानं भागत नाही, त्याची वेळही ठरलेली आहे. मला गाठायची आहे ती ही वेळ.

या घराण्याच्या ब्लेंडांचे चार कोपरे म्हणून स्कॉटलंडच्या चार भागांतल्या माल्टची नावं सांगितली जातात: कार्डू, क्लाइनलिश, ग्लेनकिंची आणि इस्ले बेटावरची कूल ईला. धूर मुख्यतः कूल ईलाचा. आणि या सगळ्यांच्या खाली कॅमेरॉनब्रिजसारख्या ठिकाणची ग्रेन व्हिस्की, म्हणजे गहू-मक्यासारख्या धान्याची. ती सतत चालणाऱ्या उभ्या भट्टीत गाळतात. तिचं एनिअस कॉफीनं 1830 मध्ये पेटंट घेतलेलं रूप पुढं सगळीकडं गेलं. ग्रेन हलकी असते, पण लाकडात मुरून गोड होते, आणि धुराला बसायला जागा तीच करून देते. ती सुटी इथं मिळत नाही, त्यामुळं शिवासमध्ये जी आहे तीवरच भागवायचं.

शिवासही त्याच पद्धतीनं हुंगून ठेवलं. त्यातही अगदी खोलवर जळक्या लाकडाचा भास आहे. पिंपं आतून जाळलेली असतात. लाकडातलं लिग्निन तापलं की व्हॅनिलिन सुटतं आणि त्यासोबत ग्वायाकॉलही, जे धुराच्या वासातलं मुख्य द्रव्य. पाया शून्य नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

14 डिसेंबर

पहिली शिडी, म्हणजे धुरकट माल्टचं प्रमाण पायरीपायरीनं वाढवत केलेले नमुने. प्रत्येक बाटलीत शिवासचं 50 मिलीचं मिश्रण, त्यात लाफ्रॉइग 2, 4, 8 आणि 15 टक्के. म्हणजे 1, 2, 4 आणि 7.5 मिली.

सगळी बाद. चारही बाटल्यांना सायकलच्या ट्यूबचा वास. आधी वाटलं लाफ्रॉइगचाच असेल, कारण तिच्यात डांबर आणि आयोडिन भरपूर. मग नुसत्या शिवासचा नमुना सिरिंजमधून काढून बघितला, तर त्यालाही तोच वास. सिरिंजच्या दट्ट्याला काळं रबर असतं आणि अल्कोहोल त्यातला वास ओढून घेतं. मी सिरिंज भरून ठेवून मग एकेक बाटली केली होती, त्यामुळं रबराशी संपर्कही बराच वेळ राहिला. 200 मिली व्हिस्की आणि एक रविवार गेला.

दुरुस्ती: काचेची पिपेट, प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून. बाटल्यांची झाकणं गरम पाण्यानं धुऊन दोन दिवस उन्हात ठेवली. ज्या झाकणांच्या आत रबराची चकती होती ती काढून टाकली.

21 डिसेंबर

तीच शिडी पिपेटनं. आज घरची मंडळी बोलावली. दाजी आले, आणि आमच्या गल्लीतले आण्णा, जे साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून निवृत्त झाले. बायको पीत नाही, पण मसाला भाजताना खोबरं उतरवायची वेळ ती वासावर सांगते. तिनं फक्त हुंगायचं ठरलं.

20 टक्क्यांवरचे ग्लास तिच्यापुढं ठेवले. दुसऱ्याच ग्लासाला ती म्हणाली, “अहो, ह्यात दवाखान्याचा वास यायलाय.” दाजींनाही तेच. पाणी न घातलेल्या 4 टक्क्यांच्या नमुन्यात मात्र एवढा औषधी वास नव्हता. आण्णांनी ग्लास नाकाशी धरला आणि विचारलं, “पाणी कुठलं घेतलंस?” नळाचं.

तिथंच उत्तर होतं. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन असतं. धुराचा वास म्हणजे मुख्यतः फिनॉल जातीची द्रव्यं. क्लोरीन आणि फिनॉल भेटले की क्लोरोफिनॉल तयार होतात, आणि त्यांचा औषधी वास अतिशय कमी प्रमाणातही नाकाला लागतो. धूर नसलेल्या व्हिस्कीत नळाचं पाणी एवढं उघडं पडत नाही. धुरकटमध्ये लगेच पडतं. पाणी उकळून, उघड्या पातेल्यात रात्रभर ठेवून पुढच्या वेळी वापरायचं. घाई असेल तर बाटलीबंद.

आण्णांनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथं लिहून ठेवतो. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीचा बराचसा भाग मळीपासून काढलेल्या शुद्ध स्पिरिटचा असतो. ते 96 टक्क्यांच्या आसपास गाळलेलं, म्हणजे त्यात मळीचीही चव उरत नाही. “त्याला काय मुरवणार? मुरायला त्यात काय पाहिजे ना.” स्कॉच 94.8 टक्क्यांच्या खालीच गाळावी लागते, ती यासाठीच: धान्याचा वास-चव थोडा तरी मागं राहावा. त्यानंतर ओकच्या पिंपात निदान 3 वर्षं.

22 डिसेंबर

सकाळी गिरणी उघडण्याआधी उकळलेल्या पाण्यावर पुन्हा.

2 टक्के: धूर कळत नाही. पण नुसत्या शिवासच्या शेजारी ठेवलं तर अंगानं भरलेलं वाटतं.
4 टक्के: शेवटाला धूर आहे, पण त्याच्याबरोबर आयोडिनही.
8 टक्के: नाकातच धूर. सफरचंद आणि मध मागं ढकलले गेले.
15 टक्के: पाणी घातलेली लाफ्रॉइग. शिवास संपलं.

लाफ्रॉइग मला फार आवडते, पण या कामाला ती नको. तिचा माल्ट, म्हणजे मोड आलेली बार्ली, 40 ते 45 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) फिनॉलपर्यंत पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या मातीच्या जळणाच्या, धुरावर वाळवलेला असतो. हा आकडा माल्टचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. गाळताना बरंच मागं राहतं, आणि धुराची जड द्रव्यं धारेच्या शेवटच्या भागात जास्त उतरतात, त्यामुळं धार कुठं तोडली यावर धुराची जात ठरते. लाफ्रॉइगची जात औषधी, समुद्री. ब्लॅक लेबलमधला धूर कोरडा आणि स्वच्छ आहे. प्रमाण कमी करून जात बदलत नाही, हे या शिडीनं दाखवलं.

28 डिसेंबर

करवीर तालुक्यातल्या एका ओळखीच्या गुऱ्हाळावर गेलो. दोन कारणं होती. एक, चिपाडाच्या धुरावर व्हिस्कीचा ग्लास धरून बघायचा, कारण पीट इथं कुठून आणणार? दुसरं, नाकाला धूर आणि गोडवा एकत्र कसे असतात याची आठवण द्यायची.

पहिलं फसलं. चुलवाणात चिपाड टाकणाऱ्या जळव्यानं बाजूला थोडं धुमसत ठेवून दिलं, त्यावर ग्लास पालथा धरून धूर कोंडला आणि शिवास ओतलं. राखेचा वास, जिभेवर कडवट काजळी, आणि थोड्याच वेळात वास उडून नुसता कडूपणा उरला. कारण सरळ आहे. पीटचा धूर ओल्या माल्टच्या सालीला लागतो. मग तो दळला जातो, आंबतो, दोनदा गाळला जातो आणि वर्षानुवर्षं लाकडात राहतो. प्रत्येक टप्प्यावर त्यातलं खरखरीत मागं पडतं. थेट धुरात ते सगळं एकदम अंगावर येतं. हॉटेलांत पेयाला घुमट झाकून धूर देतात त्याचंही हेच होतं, असं माझं मत. लाकडाच्या चिप्स वापरून बघायचा विचार होता, तो सोडला.

दुसरं मात्र लाभलं. काहिलीजवळ उभं राहिलं की डोळ्यांत धूर, नाकात धूर, आणि रस उकळतोय हे फक्त दिसतं. गुळव्या म्हणाला, “जरा वाऱ्याच्या अंगाला, तिकडं बांधावर जावा.” दोन शेतं ओलांडून बांधावर गेलो, तर आधी पाकाचा गोड वास आला आणि त्याच्या मागून, त्याच्याच अंगानं, धूर. जळणं तेच, वाराही तोच, फक्त अंतर वाढलेलं. ब्लॅक लेबलमध्ये जे आहे ते हे बांधावरचं. वयानं पडलेलं अंतर. मुरताना पीटचा जोर वर्षागणिक उतरतो आणि पिंपातला गोडवा चढतो, म्हणून तरुण धुरकट माल्ट कितीही कमी घातला तरी तो काहिलीजवळचाच वास देतो.

म्हणून आता बदलायचं ते प्रमाण नव्हे, माल्ट.

2 जानेवारी

टॅलिस्कर 10 आणली. कोल्हापुरात पहिल्या दोन दुकानांत नव्हती, तिसऱ्यानं मागवून दिली. सुमारे सहा हजार. कूल ईला मिळाली असती तर तीच घेतली असती.

टॅलिस्कर स्काय बेटावरची, 45.8 टक्के. माल्टचं पीट मध्यम, 20 पीपीएमच्या आसपास. धूर कोरडा, मिऱ्याचा चटका स्पष्ट, औषधीपणा फारच कमी. जॉनी वॉकरच्या ब्लेंडांत तीही वापरली जाते. वयाची एक गोष्ट ध्यानात ठेवा: लेबलवरचं वय मिश्रणातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं. 12 वर्षांच्या शिवासमध्ये हिचा एक थेंब घातला तरी माझं मिश्रण 10 वर्षांचं झालं. ब्लॅक लेबलवर 12 लिहिलंय म्हणजे त्यातलं ग्रेन, माल्ट, धूर, सगळंच निदान 12 वर्षांचं. या नियमाचा मान मला आता जास्त वाटतो.

4 जानेवारी

टॅलिस्करची शिडी: 3, 5, 8, 12 टक्के.

3 वर चटका आला, धूर नाही. 5 वर धूर गिळल्यानंतर, योग्य वेळी. 8 वर नाकात शिरायला लागला. 12 वर मीठ आणि मिरी पुढं. दाजींनी 5 टक्क्यांचा ग्लास उचलून ठेवला. “ह्यो बरा हाय. म्होरनं गोड लागतंय आन् मागनं घशात कायतरी ऱ्हातंय बघ.” त्यांना मी काही सांगितलेलं नव्हतं.

अडचण एक राहिली. धूर आणि मध वेगवेगळे उभे आहेत. आधी एक, मग दुसरं, मध्ये फट. 5 टक्क्यांच्या दोन बाटल्या भरून, झाकणाला मेण लावून, गिरणीच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत ठेवल्या. ब्लेंड करणारेही मिसळल्यावर काही काळ ते एकत्र राहू देतात. बघू.

11 जानेवारी

सर्दी. काही केलं नाही.

25 जानेवारी

तीन आठवडे मुरलेलं आणि आज सकाळी ताजं मिसळलेलं, यांत फरक आहे का हे तीन ग्लासांच्या चाचणीनं बघितलं. दोन ग्लासांत एकच, तिसऱ्यात दुसरं; वेगळा कोणता ते सांगायचं. ग्लासांच्या तळाला आकडे, मांडणी बायकोनं केली, मलाही माहीत नाही. या चाचणीत नुसत्या अंदाजानंही तिघांत एकाचं बरोबर येतं, म्हणून फेऱ्या जास्त घ्याव्या लागतात आणि मध्ये नाकाला विश्रांती द्यावी लागते. आम्ही मध्ये साधे फुटाणे आणि पाणी ठेवलं. खारे शेंगदाणे नकोत. आणि जेवणानंतर तर नकोच. एकदा तांबड्या रश्शानंतर मुद्दाम चाखून बघितलं होतं: गोडवा गायब, व्हॅनिला गायब, नुसता धूर आणि अल्कोहोल उरलं.

आण्णांचं प्रत्येक वेळी बरोबर आलं. माझं बहुतेक वेळा. दाजींचं अंदाजाइतकंच. मुरलेल्यात फट कमी झालीय, धूर मधाच्या अंगाला लागलाय. आण्णांनी शंका काढली, ती रास्त आहे: हे मुरल्यामुळं की बाटलीतल्या हवेमुळं? दोन्ही बाटल्या मानेपर्यंत भरल्या होत्या, त्यामुळं हवा फारशी नव्हती. तपासायला एक बाटली अर्धी रिकामी करून ठेवली आहे.

1 फेब्रुवारी

दाजी सोडा घालून पितात, म्हणून आज 5 टक्क्यांचं मिश्रण आणि ब्लॅक लेबल दोन्ही सोड्यात. बुडबुड्यांबरोबर धूर वर येतो आणि गोडवा पातळ होतो. ब्लॅक लेबल तरीही उभं राहिलं. माझं नुसतं धुरकट पाणी झालं. म्हणजे मधला भाग पोकळ आहे. मनुका आणि संत्र्याची साल, जी ब्लॅक लेबलमध्ये धुराच्या आधी येते, ती शिवासच्या सफरचंदी गोडव्यात नाही. धुराला टेकायला गडद गोडवा लागतो.

बर्फ टाकल्यावर एका ग्लासात ढगाळपणा आला तेव्हा दाजी दचकले, बनावट माल आहे का म्हणून. तसं नाही. तीव्रता आणि तापमान खाली गेलं की व्हिस्कीतली तेलकट द्रव्यं विरघळलेली राहत नाहीत. ते टाळायला बरेच उत्पादक गार करून गाळणी मारतात. 46 टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर गरज पडत नाही. ढगाळ व्हिस्की चांगली असते, प्या.

8 फेब्रुवारी

पुण्याच्या एका मित्रानं त्याच्या ग्लेनड्रॉनॅक 12 मधले 100 मिली दिले. ही शेरी या स्पॅनिश वाईनच्या पिंपांत मुरलेली, ओलोरोसो आणि पेद्रो हिमेनेझ या शेरीच्या दोन जाती. मनुका, खजूर, अक्रोडाचं साल.

3 टक्के कळले नाहीत. 7 टक्क्यांवर मधली फट भरली. 12 वर शेरीनं धूर गिळला. हे मला अपेक्षित नव्हतं: टॅलिस्कर तेवढीच ठेवून नुसता गोडवा वाढवला तरी धूर कमी लागतो. म्हणजे धुराचा आकडा एकटा ठरवता येत नाही. दोन्ही एकत्र हलवावे लागतात. शिड्या एकेक घटकाच्या करण्यात जो वेळ गेला त्यातला निम्मा वाचला असता, जर पहिल्यापासून दोन घटकांचं कोष्टक मांडलं असतं. तुम्ही तसंच करा.

22 फेब्रुवारी

दोन आठवडे मुरलेलं शेवटचं मिश्रण, 100 मिलीला: शिवास 88, ग्लेनड्रॉनॅक 7, टॅलिस्कर 5.

नाकाला मध, मनुका, थोडं खोबरं. जिभेवर गोड, मग मिरी. धूर गिळल्यावर. सोड्यातही टिकतं. तीन ग्लासांत ब्लॅक लेबलसमोर मात्र आण्णा आणि मी दोघांनीही ते लगेच ओळखलं. दोन गोष्टी कमी आहेत. एक, ब्लॅक लेबलचा तोंडात जाणवणारा मेणचट, गुळगुळीत पोत. क्लाइनलिश अशा मेणचट पोतासाठीच ओळखली जाते. माझ्याकडं तसं काहीच नाही. दोन, धुराची लांबी. माझा धूर वेळेवर येतो पण लवकर जातो. जास्त टॅलिस्कर घातली तर तो नाकात शिरतो, लांब होत नाही. लांबी बहुतेक जुन्या धुरकट माल्टकडूनच येत असावी.

बायकोनं दोन्ही ग्लास हुंगून सांगितलं, “ह्यातला धूर आत्ताचा हाय, त्यातला जुना.” मला यापुढं काही जोडायचं नाही.

अर्धी रिकामी ठेवलेली बाटलीही उघडली. धूर स्पष्ट उतरलाय, फळाचा वास मात्र बराच शिल्लक. म्हणजे मुरणं आणि हवा लागणं या वेगळ्या गोष्टी: भरलेल्या बाटलीत धूर मिसळला होता, अर्ध्या बाटलीत तो कमी झाला. धुरकट बाटली उघडल्यावर वर्षभर शोकेसमध्ये ठेवू नका. अर्ध्यावर आली की लहान बाटलीत ओतून काठोकाठ भरून ठेवा.

1 मार्च

खर्च: बाटल्या पंधरा हजार, काच आणि किरकोळ दीड हजार. यात लाफ्रॉइग आणि ग्लेनड्रॉनॅक मित्रांकडून आल्यामुळं धरलेल्या नाहीत. रबराचा वास लागलेली सोडून फेकलेलं काही नाही. एवढंच शिकायचं असेल तर कमी पैशांत होतं: शिवास, टॅलिस्कर आणि ब्लॅक लेबल चार जणांत वर्गणी काढून घ्या, पिपेट आणि उकळलेलं पाणी पहिल्या दिवसापासून वापरा, लाफ्रॉइगच्या वाटेला जाऊ नका.

उरलेलं मिश्रण सुमारे 300 मिली आहे. तारीख आणि प्रमाण लिहून, काठोकाठ भरून, पत्र्याखालच्या माळ्यावरून काढून खालच्या खोलीत ठेवलं, कारण उन्हाळ्यात वर ताप फार होतो. उद्यापासून गिरणीत चटणीचा हंगाम, बायका पहाटेपासून मिरच्या घेऊन रांगेत असतील. पाऊस सुरू होईपर्यंत नाकाकडून काम होणार नाही. त्यानंतर कूल ईला मिळाली तर टॅलिस्करच्या जागी तीच 5 टक्क्यांवर घालून, ग्लेनड्रॉनॅक 5 आणि 7 अशा दोन बाटल्या करायच्या आहेत.